साधी घ्यावी की रेसवाली

प्रिय भिंगरी,

तुझा मेसेज येऊन आज पाच दिवस झाले. ‘जुनी मोटारसायकल संपली. फ्रेमलाच तडा गेलाय. शोरूममध्ये त्याच गाडीचे नवे दोन प्रकार आलेत, एक साधी आणि एक रेसवाली. ऑफिसची जीप मिळते आता, त्यामुळे गाडी फक्त रविवारच्या डोंगरातल्या शर्यतींसाठी. शनिवारपर्यंत सांगायचंय. तुम्हाला काय वाटतं?’ एवढाच मजकूर. तुझं आणि आमच्या चिरंजीवांचं रीतसर वेगळं झालं, त्यानंतर दीड वर्षानं तुझी ही पहिली अक्षरं, आणि त्यात ना खुशाली ना चौकशी, थेट गाडी. मला हसू आलं आणि फार बरंही वाटलं. कशा आहात असं विचारलं असतंस तर ‘ठीक’ लिहून मोकळी झाले असते. गाडीचं विचारलंस म्हणून खुर्ची ओढून बसावं लागलं.

उत्तराला उशीर झाला, कारण पहिले दोन दिवस मी तुला एक लांबलचक उत्तर लिहिलं आणि ते फाडून टाकलं. का फाडलं ते पुढे सांगते. तिसऱ्या दिवशी शोरूमला जाऊन दोन्ही गाड्या पाहून आले. हो, मी स्वतः. शोरूमवाल्याला शनिवारऐवजी बुधवारपर्यंत थांबायला सांगून ठेवलंय, तेव्हा घाई करू नकोस, नीट वाच.

आधी इथलं सांगते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, मी आठव्या दिवशी शिलाई मशीनवर. शेजारचा घड्याळवाला रोज काचेतून डोकावून बघतो आणि बोट हलवतो, मी त्याला कात्री दाखवते, असा आमचा संवाद. पण सुई ओवायला आता कुणाची मनधरणी करावी लागत नाही, आणि मला इतकी वर्षं करडं वाटत असलेलं रेक्झिन चक्क हिरवं निघालं. दुकानात सीटा शिवायचं काम भरपूर आहे. व्यायामशाळेची बाकं झाली, एका रुग्णवाहिकेची सीट झाली, आणि गेल्या महिन्यात दंतवैद्याची खुर्ची आली होती. तिची पाठ नवीकोरी आणि हातांवरचं रेक्झिन पार सोललेलं. लोक तिथे टेकतच नाहीत, नुसते हात आवळून धरतात. सासरे तुझे म्हणायचे तसं, माणूस तोंडानं काहीही सांगो, सीट बघितली की तो कसा आहे ते कळतं. त्यांच्या मागे हे दुकान मी चालवायला घेतलं तेव्हा मला शिवण येत होती, सीट वाचता येत नव्हती. ती हळूहळू यायला लागली.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस ती सीट खांद्यावर टाकून. अकरा वर्षं झाली. चिखलानं भरलेले बूट घेऊन आत यावं की नाही म्हणून दारातच उभी राहिलीस, आणि तिथूनच म्हणालीस, ‘काकू, ही फाटलीय, पण मऊ करू नका.’ मऊ करू नका म्हणणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सीट उलटीपालटी करून बघितली तर मधला भाग कोराच, आणि पुढच्या दोन्ही कडा, जिथे गुडघे लागतात तिथे, घासून कापडापर्यंत गेलेल्या. मी विचारलं की ही बसायची सीट आहे की पोलपाट, बसत नाहीस का तू हिच्यावर? तू हसलीस आणि मला समजावलंस की ह्या गाड्या दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून काढायच्या असतात, तिथे बसून चालत नाही, पायांवर उभं राहून गुडघ्यांनी गाडी धरायची. सांगताना तू दुकानाच्या मधोमध, गाडी नसतानाच, गुडघे वाकवून उभी राहिलीस आणि दोन्ही बाजूंना अशी काही फिरलीस की मी तुझं नाव त्याच क्षणी भिंगरी ठेवलं. चिरंजीव मागे बसून जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. पुढचं तुला माहीत आहे.

आता त्या फाडलेल्या पत्राबद्दल. त्यात मी लिहिलं होतं की साधी घे. कारणं अगदी व्यवस्थित दिली होती. साधी बुटकी आहे, तुझे पाय टेकतील. मऊ आहे, हातांना हादरे कमी. कधी जीप बंद पडली तर कामावरही नेता येईल. रेसवाली म्हणजे चार ठिकाणी चकचकीत भाग आणि भावात एवढा फरक. वाचायला फार शहाणं पत्र होतं ते. दुसऱ्या दिवशी पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. त्यातलं एकही कारण गाडीचं नव्हतं. सगळी कारणं माझ्या काळजीची होती, फक्त त्यांना गाडीचे कपडे घातले होते. आणि असंच एक शहाणं वाक्य मी तुला पूर्वीही ऐकवलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तू मनगट मोडून आलीस. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी तुला भरवत होते. भरवता भरवता म्हणाले, ‘आता पुरे झालं बाई. एखादं लेकरू होईपर्यंत तरी हे बंद ठेव.’ तोंडात घास असताना माणसाला उलट बोलता येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तू घास गिळलास आणि मान हलवलीस. चिरंजीवांना सुटल्यासारखं झालं, मलाही. वर्षभर गाडी ताडपत्रीखाली राहिली. लेकरू काही झालं नाही. दवाखान्याच्या खेपा झाल्या, तपासण्या झाल्या, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी जपून बोलायला लागलात, पाहुण्याशी बोलावं तसं.

वर्षानं तू गाडी बाहेर काढलीस. कुणाला विचारलं नाहीस, मीही काही म्हटलं नाही. चार महिन्यांनी सीट माझ्याकडे आली. रेक्झिन सोललं तर आतला फोम मधोमध दबलेला, बशीसारखा, आणि कडा जशाच्या तशा. तू बसून चालवत होतीस, भिंगरी. तुला तेव्हा विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस की मनगट अजून दुखतं. मनगट बरं झालं होतं, डॉक्टरांचा कागद मीच फायलीत लावला होता. मी तो दबलेला फोम कापून काढला, कचऱ्यात टाकला, नवीन बसवला आणि वर छान शिवण घातली. तुला काहीच दाखवलं नाही. सीट परत देताना तू म्हणालीस, ‘एकदम नव्यासारखी झाली,’ आणि मी म्हणाले, ‘माझा हातखंडाच आहे.’ हे मला गेली सहा वर्षं सलतंय.

तुमचं वेगळं झालं ते माझ्या एका वाक्यामुळे, असं मी म्हणत नाही. तेवढं मोठेपण मी स्वतःला देणार नाही. त्याला मोठ्या शहरातली नोकरी हवी होती, तुला डोंगर आणि वीजमंडळातलं तुझं खांबांवरचं काम सोडायचं नव्हतं. भांडीकुंडी आपटली नाहीत, कुणी कुणाला नको ते बोललं नाही. पण मी तुला एकदा गप्प केलं होतं, ते माझ्याकडून झालं, आणि त्याची माफी मागायची राहून गेली. ती आज मागते. उत्तरात ‘असू दे हो’ लिहू नकोस. मला ते नको आहे. नुसतं वाचलंस तरी पुरे.

आणखी एक सांगायचं आहे, ऐकून चिडशील. गेल्या महिन्यात नदीपलीकडे तुमची शर्यत झाली, तिथे मी आले होते. घड्याळवाल्याला सांगितलं की कापड बघायला चालले. दोन बस बदलल्या, घडीचं स्टूल नेलं, डोक्याला रुमाल बांधला, आणि जिथे वाट ओढ्यातल्या मोठ्या दगडांतून जाते तिथे जाऊन बसले. शेजारी एक बाई मुलाला घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘इथेच बसा, इथे सगळे पडतात.’ लोकांना काय एकेक हौस असते. पहिल्या दोन फेऱ्यांत तू इतकी झपकन गेलीस की मला नुसती तुझी पाठ दिसली. पण उभी होतीस. पायांवर उभी, गुडघे घट्ट, पहिल्या दिवशी दुकानात होतीस तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोळ्याचं ऑपरेशन नवीन होतं म्हणून मी ते त्याच्यावर ढकललं.

तिसऱ्या फेरीत तू दोन दगडांच्या मधून आलीस आणि गाडीचं पुढचं तोंड खाली बुडालं. ‘ठक’ असा आवाज झाला, लाकडावर हातोडा मारल्यासारखा. गाडीनं तुला उचलून पुढे टाकीवर फेकलं आणि आडवी झाली. पाय खाली अडकला होता. मी उठले, स्टूल पाण्यात पडलं. एक माणूस मदतीला पुढे सरसावला, त्याला तू हातानंच थांबवलंस. गाडी स्वतः उचललीस, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा उभी केलीस, आणि निघून गेलीस. माझ्यापासून तू दहा पावलांवर होतीस. हाक मारावीशी वाटली, पण शर्यतीत कुणी हाक मारतं का? पाचवी आलीस हे दुसऱ्या दिवशी पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींत वाचलं. कात्रण ठेवलंय. तर दोन दिवस खपून तुला साधी घे असं लिहिणारी बाई ही होती, जिच्या कानात तो ‘ठक’ बसला होता. मला वाटत होतं की गाडी तुझ्यासाठी फार झाली. ती मऊ, सुरक्षित, बुटकी असावी.

पत्र फाडल्यावर मी शोरूमला गेले. तिथला मिस्त्री, ज्याला सगळे पाना म्हणतात, तो मला सीटच्या कामामुळे ओळखतो. त्याला वाटलं मी काम मागायला आले. मी म्हटलं, मला दोन्हीवर बसून बघायचंय. त्यानं तोंड अजिबात वाकडं केलं नाही, हे त्याचं कौतुक. मागच्या अंगणात दोन्ही गाड्या काढल्या आणि मला चढायला पालथा क्रेट ठेवला. साधीवर बसले तर दोन्ही पायांची बोटं टेकली. सीट अंगठ्यानं दाबून पाहिली, फोम बरा आहे, थोडा नरम. मग मी तिला चालवली सुद्धा. एकसष्टाव्या वर्षी, पहिल्या गिअरमध्ये, अंगणाला दोन चकरा. तीस वर्षं स्कूटर चालवली ती काय उगीच? गाडी इतकी गुणाची की काही कळूच देत नाही. खड्ड्यातून गेली तरी उशीवरून गेल्यासारखी. मग रेसवाली. तिच्यावर पाय लोंबकळले. सीट बाकासारखी टणक, वर आडव्या पट्ट्या, घसरू नये म्हणून. अर्धी चक्कर मारली आणि माझ्या कवळीनं जागा सोडली. प्रत्येक खडा हातात येत होता. मी उतरले आणि म्हणाले, ‘ही माणसाला मारायला बनवलीय.’

पाना म्हणाला, ‘काकू, तुम्ही हिला चालायला लावलंत. ही चालत नाही, पळते. हळू गेलं की हिचे शॉकर हलतच नाहीत, म्हणून हातांना लागतं. थांबा जरा.’ अंगणाच्या टोकाला त्यांनी जुने टायर आणि लाकडाचे ओंडके रचून ठेवले आहेत, गाड्या दाखवायला. त्यानं आधी साधी घेतली आणि हळूच ओंडक्यांवरून नेली. छान गेली, लोण्यासारखी. मग मागे जाऊन वेगानं आला. पुढचं तोंड खाली बुडालं, मऊ शॉकर पार तळाला आपटले, आणि ‘ठक’. तोच आवाज. मी दोन पावलं मागे सरकले. मग त्यानं रेसवाली घेतली, तेवढ्याच वेगानं, कदाचित जास्तच, आणि आवाजच नाही. गाडी दबली, सावरली आणि पुढे गेली. त्याचे हात जागेवर, डोकं जागेवर. मी त्याला तीनदा करून दाखवायला लावलं. बिचारा घामाघूम झाला.

मी त्याला विचारलं की मग साधी घेतं कोण? तो गाडी पुसत म्हणाला, ‘दोन तऱ्हेची माणसं घेतात. एक, ज्यांना रमतगमत जायचंय, त्यांच्यासाठी हिच्याइतकी चांगली गाडी नाही. आणि दुसरी, ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की तुला एवढी पुरे.’ त्याला आपलं काही ठाऊक नव्हतं, तो आपला सहज बोलला.

म्हणून माझं उत्तर आहे की रेसवाली घे. ओढ्यात तू पडलीस ती जास्त वेगानं गेलीस म्हणून नव्हे, तुझी गाडी तुझ्या वेगाला पुरत नव्हती म्हणून. तू चांगली चालवतेस. हे वाक्य मला कुणी कधी तुला सांगताना ऐकू आलं नाही, आणि मी तरी कुठे सांगितलं? पण दोन गोष्टी लक्षात ठेव. पाना म्हणतो की रेसवालीच्या स्प्रिंगा ऐंशी किलोच्या गड्यासाठी बसवलेल्या येतात. तू बावन्न किलो, आणि तेसुद्धा बुटांसकट. तेव्हा गाडी ताब्यात घेण्याआधी तुझ्या वजनाच्या स्प्रिंगा घालून घे. रेसवालीचं सगळं उघडून आपल्या मापाचं करता येतं, साधीत तेवढं जमत नाही, हेही तिच्या बाजूचं एक कारण. दुसरं, सीट उंच आहे, ओढ्यात पाय टेकणार नाही. ती माझ्याकडे पाठव. खालून दोन बोटं फोम कापून तिची उंची कमी करते, पुढच्या कडांना दुहेरी कापड लावते आणि मऊ करत नाही. मला भीती वाटणार आहेच. प्रत्येक रविवारी संध्याकाळपर्यंत वाटेल. ती माझी मी बघेन, तिचा भार तुझ्या गाडीवर नको.

आता घरची बातमी. तुला ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावी, असं मला वाटलं. चिरंजीव तीन महिन्यांनी लग्न करत आहेत. मुलगी शाळेत गणित शिकवते, शांत आहे, स्वच्छ बोलते. मला भेटायला दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. जाताना तिनं विचारलं, ‘तुमचं तिच्याशी बोलणं आहे का अजून?’ मी म्हटलं, नाही, दीड वर्ष नाही. ती म्हणाली, ‘माझ्यासाठी थांबला असाल तर थांबू नका.’ मला ती आवडली. तोही बरा दिसला, चार किलो वाढलाय, फोनवर आता पूर्ण वाक्यं बोलतो. तुझ्याबद्दल विचारतो, आडून आडून. मी सांगते की पाचवी आली. मग म्हणतो, ‘पाचवी? अरे वा.’ आणि खरंच खूश होतो.

हे सगळं मी तुला फोनवरही सांगू शकले असते. पहिलं फाडल्यावर पुन्हा पत्र लिहायला बसले ते आज दुपारी आलेल्या एका फोनमुळे. तुमच्या क्लबातला कारकून होता. म्हणाला, पुढच्या महिन्याच्या शर्यतीचा तुझा फॉर्म आलाय. अपघात झाला तर कुणाला कळवायचं, तिथे तू माझा नंबर दिलायस, पण पुढे नात्याची जागा रिकामी सोडलीस, आणि ती भरल्याशिवाय त्यांचा संगणक फॉर्म घेत नाही. ‘मॅडम, तुम्ही त्यांच्या कोण लागता?’ माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक करून काढल्या, तेवढा वेळ मिळाला. कागदोपत्री मी तुझी कुणीच लागत नाही. सासू म्हणावं तर तो हक्क तीन महिन्यांनी दुसरीला जाणार. तुझी आई तू सहा वर्षांची असताना गेली, तिच्या जागेवर मी कधी डोळा ठेवला नाही, आजही ठेवत नाही. पण दगडांत पडून तुला काही झालं, तर पहिला फोन मला यावा असं तूच ठरवलंस, मला न विचारता. मग मीही तुला न विचारता त्याला म्हणाले, ‘आई लिहा.’ तो ‘धन्यवाद’ म्हणाला आणि फोन ठेवला, जसं काही मी पिनकोड सांगितला होता. शुक्रवारी तुला क्लबात जाऊन त्या फॉर्मवर सही करायची आहे म्हणे. सही करण्याआधी ती जागा नीट वाच. खोडावंसं वाटलं तर खोड, मी मनाला लावून घेणार नाही. सीट तरीही माझ्याकडेच पाठव.

तुझीच,
आई